मास्क कोणासाठी? युगांडातल्या कपींच्या जंगलातले नऊ दिवस

निघण्याआधी

ही सहल सुरू होते ती दंडावरच्या सुईने. युगांडात शिरायला पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं आणि मुंबईत परतताना ते आणखी काटेकोरपणे पाहिलं जातं. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. म्हणून कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागतं. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि कार्ड टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. लोक चुकतात ते इथेच. तिकीट आठवड्यावर आलं की केंद्र शोधायला निघतात. एक डोस आयुष्यभर चालतो, हा नियम २०१६ पासूनचा. जुनं कार्ड कपाटात सापडलं तर ते फेकू नका.

दुसऱ्या लसी कोणी मागत नाही, पण या सहलीत त्याच महत्त्वाच्या. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायची. गोवराचे डोस पूर्ण झालेत का ते तपासायचं. या लसी आपल्याइतक्याच समोरच्या चिंपांझीसाठी असतात. का, ते पाचव्या दिवशी किबालेच्या जंगलात कळेल. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन ठरलं तर रोज १०० मिलिग्रॅम, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. परतल्यावर बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करणारे नंतर तापाने पडतात.

एक गोष्ट शब्दांची. मराठीत ‘वानर’ म्हटलं की काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा प्राणी डोळ्यांपुढे येतो. चिंपांझी, गोरिला, बोनोबो आणि ओरांगउटान यांना शेपूट नसतं आणि ते माकडांपेक्षा आपल्या जवळचे. त्यांना इथे ‘कपी’ म्हटलं आहे. हा नुसता नावांचा घोळ नाही. विषाणूला पेशीत शिरायला जे कुलूप लागतं, ते आपल्यात आणि कपींत बहुतेक वेळा एकच असतं. कोरोनाचा विषाणू ज्या एसीई-२ प्रथिनाला चिकटतो, त्याच्या मोक्याच्या जागा माणसात आणि आफ्रिकी कपींत अगदी सारख्या आहेत.

पहिला दिवस : एंटेबी

मुंबईहून थेट विमान मिळालं तर सहा तासांच्या आत व्हिक्टोरिया सरोवर दिसायला लागतं. घड्याळ अडीच तास मागे न्यायचं. पहिला दिवस आरामाला ठेवावा आणि दुपारी कंपालाच्या रस्त्यावरचं झिका नावाचं छोटं जंगल पाहून यावं. दलदलीच्या कडेचा हा झाडांचा पट्टा. १९४७ च्या एप्रिलमध्ये इथे झाडांवर बांधलेल्या मचाणांवरच्या पिंजऱ्यांत माकडं ठेवली होती. हेतू पीतज्वर पकडण्याचा. त्यांतल्या ७६६ क्रमांकाच्या माकडाला ताप आला. त्याच्या रक्तात निघाला तो पीतज्वर नव्हता, वेगळाच विषाणू होता. त्याला जंगलाचंच नाव मिळालं. हे माकड रीसस जातीचं, म्हणजे आशियातलं, आफ्रिकेत बाहेरून आणलेलं. स्थानिक माकडांना अशा विषाणूंची सवय असते, ती लागण होऊनही आजारी दिसत नाहीत. नव्या प्राण्याला ताप येतो आणि म्हणूनच तो पहारेकरी म्हणून उपयोगी पडतो.

हे काम एंटेबीच्या ज्या संस्थेने केलं, ती १९३६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने पीतज्वरासाठी काढली होती. याच फाउंडेशनच्या मदतीने १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभं राहिलं, ते आजचं एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरायला लागली, तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या मनात पहिली भीती हीच आली की पीतज्वर भारतात पोचला. निघाला क्यासनूरचा विषाणू. सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्गकडे आणि गोव्यात सत्तरीत ज्याला आपण माकडताप म्हणतो, तोच. तिथला नियम आणि इथला नियम एकच: जंगलात माकड मेलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, कळवायचं.

दुसरा आणि तिसरा दिवस : बुडोंगो

एंटेबीहून मसिंडीपर्यंत रस्ता चांगला, पण कंपालाची वाहतूक दोन तास खाते. पहाटे सहाला निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता. वाटेत रोलेक्स खायचा. घड्याळाशी संबंध नाही: आमलेट चपातीत गुंडाळून देतात, आणि चपाती इथे कुठून आली ते मराठी माणसाला सांगायला नको.

बुडोंगो हे महोगनीचं जंगल. १९९० पासून इथे चिंपांझींच्या अभ्यासाचं कायमचं केंद्र आहे आणि सोन्सो नावाच्या टोळीतला प्रत्येक प्राणी चेहऱ्याने ओळखीचा आहे. चिंपांझी बघणं किबालेत जास्त सोपं. बुडोंगोला यायचं ते एका पोकळ झाडाची हकिगत समजून घेण्यासाठी.

इथले चिंपांझी पूर्वी राफिया ताडाच्या कुजलेल्या खोडातला गाभा खायचे. त्यातून त्यांना सोडियमसारखे क्षार मिळत. जंगलाभोवतीच्या शेतांत तंबाखू आला. तंबाखूची पानं सुकवायला टांगायची तर दोरी लागते, आणि राफियाच्या पानांच्या सालीची दोरी फुकट मिळते. काही वर्षांत जंगलातले राफिया संपले. मग चिंपांझींनी क्षार दुसरीकडे शोधले: वटवाघळांची वस्ती असलेल्या एका पोकळ झाडाच्या बुंध्याशी साठलेल्या लेंड्यांत. २०१७ ते २०१९ दरम्यान लावलेल्या कॅमेऱ्यांत ७१ दिवसांत ८३९ वेळा प्राणी ही विष्ठा खाताना दिसले: चिंपांझी, काळेपांढरे कोलोबस आणि लाल डुयकर नावाचं छोटं हरीण. त्या विष्ठेत २७ विषाणू सापडले. त्यांतला एक सार्स-कोव्ह-२ चा, म्हणजे कोविडच्या विषाणूचा, नातलग असलेला बीटाकोरोना विषाणू. हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

यातून कोणी माणूस आजारी पडल्याची नोंद नाही. पण विषाणूची वाट कशी जाऊ शकते ते बघा. डुयकर हे इथल्या फासेपारध्यांचं मुख्य सावज. तार किंवा दोरीचा फास पायवाटेवर लावतात. त्यात कधीमधी चिंपांझीचा पंजाही अडकतो, म्हणून सोन्सो टोळीत बोटं किंवा अख्खा पंजा गमावलेले प्राणी दिसतात. म्हणजे वटवाघूळ, हरीण, चिंपांझी आणि स्वयंपाकघर एका झाडाच्या बुंध्याशी येऊन जोडले गेले, आणि ते जोडले तंबाखूच्या दोरीने. साथीच्या बातम्यांत ‘वटवाघळाकडून माणसाला’ असं एका ओळीत लिहितात. ती ओळ जमिनीवर अशी लांबत जाते.

तिसऱ्या दिवशी दुपारी होइमाच्या दिशेने निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि मका. होइमाच्या अलीकडे बुलिंडीच्या आसपास चिंपांझी गावातल्या जंगलाच्या तुकड्यांत राहतात, फणस आणि आंबे खातात, रस्ता ओलांडतात, लोक पाणी भरतात त्याच ओढ्यांवर येतात. संपर्काचा प्रश्न राष्ट्रीय उद्यानापेक्षा इथे रोजचा आहे. गाडीतून उतरून फोटो काढू नका. चिंपांझीला माणसाची भीती राहिली नाही की तो मुलांवर हल्ला करतो, आणि मग गाव त्याच्यावर उठतं.

चौथा दिवस : फोर्ट पोर्टल

नुसता प्रवासाचा दिवस. चहाचे मळे, केळीच्या बागा, संध्याकाळी गार वारा. फोर्ट पोर्टलला औषधांची दुकानं चांगली आहेत. मास्क कमी पडतील असं वाटत असेल तर इथेच घ्या. पुढे लॉजवर मिळतीलच असं नाही. रात्री अंगात कणकण वाटली, नाक वाहायला लागलं, तर ते आजच सांगा, उद्या सकाळी फाटकावर नको.

पाचवा दिवस : किबाले

सकाळी कन्यांचूच्या केंद्रावर सूचना, मग सहा-सहा जणांचे गट. चिंपांझी पाहण्याच्या परवान्याला २०२४ च्या जुलैपासून परदेशी पाहुण्यांसाठी २५० डॉलर पडतात आणि भेट एका तासाची. ट्रॅकर पहाटेच रात्रीच्या घरट्यांपाशी गेलेले असतात. चिंपांझी दर रात्री झाडावर नवं घरटं बांधतो, त्यामुळे काल संध्याकाळची जागा माहीत असली की निम्मं काम झालं. आवाज आला की गाईड पळायला लागतो आणि आपण धापा टाकत मागे. इथेच मास्कची पहिली चूक होते. चढावर मास्क लावून चाललात तर घामाने आणि श्वासाने तो ओला होतो, आणि ओल्या मास्कमधून हवा कडेने निसटते. तीन मास्क कोरड्या पिशवीत ठेवा आणि गाईड थांबा म्हणाला की कोरडा चढवा. नाकावरची पट्टी दाबून बसवा. चष्मा धुकटला तर समजा पट्टी नीट बसलेली नाही.

हा मास्क कोणासाठी, हा प्रश्न दर गटात कोणीतरी विचारतो. उत्तर याच जंगलात आहे. २०१३ मध्ये कन्यावारा टोळीत खोकला सुरू झाला. ५६ पैकी ५ चिंपांझी मेले. मेलेल्या एका दोन वर्षांच्या पिल्लाच्या फुप्फुसात निघाला ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे माणसाच्या पोरांना होणारी साधी सर्दी. माणसाच्या सीडीएचआर३ नावाच्या जनुकाचं एक रूप असलेल्या मुलांना हा विषाणू जास्त त्रास देतो. तपासलेल्या चिंपांझींत सगळ्यांकडे तेच संवेदनशील रूप होतं. आपल्याकडे ते थोड्यांत, त्यांच्याकडे सरसकट. मग २०१६ च्या डिसेंबरात पुन्हा खोकला, यावेळी एकाच वेळी दोन टोळ्यांत. न्गोगो या प्रचंड टोळीत साधारण २०५ पैकी २५ मेले. सगळ्यांना वाटलं एकच साथ. तपासात न्गोगोत मेटान्यूमोव्हायरस निघाला आणि कन्यावारात रेस्पिरोव्हायरस ३. दोन वेगळे विषाणू, दोन्ही माणसांचे, दोन वेगळ्या वाटांनी आलेले. लक्षणं पाहून साथ ओळखता येत नाही, हा धडा तिथे महाग पडला.

मारतो तो बहुधा विषाणू एकटा नसतो. तो श्वासनलिकेचं अस्तर सोलतो आणि मागून न्यूमोकॉकससारखे जिवाणू फुप्फुसात शिरतात. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात १९९९ पासूनच्या साथींत हेच दिसलं. म्हणून काही संशोधन केंद्रांवर बाहेरून आलेल्या माणसाला पाच ते सात दिवस छावणीत थांबवून मगच जंगलात सोडतात. पर्यटकाला हे शक्य नाही. तो काल विमानात होता आणि आज चिंपांझीसमोर. राहता राहिले मास्क, अंतर आणि प्रामाणिकपणा.

आणि दोष सगळा पर्यटकाच्या माथी मारणंही बरोबर नाही. किबालेच्या सभोवतालच्या गावांत केलेल्या तपासण्यांत श्वसनाचे विषाणू लहान मुलांत सर्वांत जास्त आढळले. बाप जंगलात कामाला जातो, त्याला स्वतःला काहीच जाणवत नाही, पण घरात शेंबडं पोर असतं. मुलांना जंगलबंदी, मोठ्यांना मास्क आणि शाळा उघडण्याच्या दिवसांत जास्त काळजी, हे यातून निघतं.

आता उलटी दिशा: त्यांच्याकडून आपल्यात येणारा विषाणू त्यांच्यात कसा शोधतात? चिंपांझीला पकडून रक्त काढणं शक्य नाही आणि उचितही नाही. म्हणून विष्ठा आणि मूत्र. पद्धत अशी. चिंपांझी जागेवरून पूर्ण हलला की दोन हातमोजे घालून, लाकडी चमच्याने, मातीला न लागलेला वरचा भाग उचलायचा. ५० मिलिलिटरच्या नळीत आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकीय सामग्री, टिकवणारं २० मिलिलिटर द्रावण आधीच भरलेलं असतं, त्यात साधारण तेवढीच विष्ठा. झाकण घट्ट, नीट हलवायचं, नळीवर पेन्सिलीने तारीख, वेळ, जागा, प्राण्याचं नाव. पेन्सिलच हवी, कारण द्रावण सांडलं की शाई पुसली जाते. मूत्र पहाटे घरट्याखाली उभं राहून बेचक्याच्या काठीला ताणलेल्या प्लास्टिकवर झेलायचं किंवा पानावरून पिपेटने उचलायचं. बरचसं अंगावर पडतं. छत्री विनोदासाठी नसते.

चुका कुठे होतात? विष्ठा दोन तास उन्हात किंवा पावसात राहिली की आरएनए तुटतो. विष्ठा जास्त आणि द्रावण कमी झालं की आतला गाभा सडतो. गोरिला आणि चिंपांझी एकत्र राहतात अशा जंगलात कोणाची विष्ठा कोणाची म्हणून नोंदवली जाते, त्यामुळे प्रयोगशाळेत आधी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून प्राणी कोणता ते पक्कं करतात आणि मग विषाणू शोधतात. शिवाय विषाणू नेहमी विष्ठेत उतरत नाही. म्हणून त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आधी पाहतात, ती जास्त टिकाऊ. नमुना देशाबाहेर न्यायचा तर परवाना लागतो. अनेक नमुने फ्रीजरमध्ये याच कागदाची वाट पाहत पडून असतात.

या पद्धतीने किबालेच्या चिंपांझींत एसआयव्ही, म्हणजे माकडांत आणि कपींत आढळणारा एचआयव्हीचा नातलग, शोधला गेला आणि इथे तो मिळाला नाही. टांझानियातल्या गोम्बेत मिळाला. आणि कॅमेरूनच्या आग्नेय कोपऱ्यात काही टोळ्यांत २९ ते ३५ टक्के प्राणी बाधित निघाले. २००६ च्या या कामातून ठरलं की जगभर पसरलेला एचआयव्ही-१, त्याचा ‘एम’ गट, त्या कोपऱ्यातल्या चिंपांझींकडून आला. जुन्या नमुन्यांच्या अनुक्रमांवरून ही घटना १९०८ च्या आसपासची धरतात. तिथून सांघा आणि काँगो नद्यांच्या वाटेने किन्शासा. एम, एन, ओ, पी अशा चार गटांचे चार वेगळे प्रवेश, त्यांतले ओ आणि पी गोरिलांच्या विषाणूंना जवळचे. चिंपांझीचा विषाणूही त्याचा स्वतःचा नव्हेच. तो दोन माकडांच्या विषाणूंचा संकर आहे. चिंपांझी माकडांची शिकार करून खातो आणि एकाच प्राण्यात दोन विषाणू भेटले. न्गोगोत लाल कोलोबसची शिकार डोळ्यांसमोर होते तेव्हा रक्ताने माखलेले हात आणि तोंडं बघा. चिंपांझीला त्याचा विषाणू असाच मिळाला, आणि माणसालाही बहुधा चिंपांझी कापताना असाच. तासभर दहा मीटरवरून बघणाऱ्याला एसआयव्ही होत नाही. त्याला रक्त लागतं. सर्दीला नुसता श्वास पुरतो. म्हणूनच या जंगलात रोजची धोक्याची वाट आपल्याकडून त्यांच्याकडे जाते.

सहावा दिवस : मारामागाम्बो

क्वीन एलिझाबेथ उद्यानाच्या दक्षिणेला मारामागाम्बो जंगलात अजगर गुहा आहे. रूसेटस वटवाघळं हजारोंनी लटकलेली आणि खाली लठ्ठ अजगर. २००८ मध्ये इथे येऊन गेलेली एक डच पर्यटक मारबर्ग विषाणूने मेली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एका अमेरिकन पाहुणीलाही लागण झाली होती, ती वाचली. दोघींना वटवाघूळ चावलं नव्हतं. विष्ठेने चिकट झालेले खडक, तिथे टेकलेला हात आणि मग तोच हात तोंडाला, एवढंही पुरतं. आता गुहेपासून दूर काचेआडून पाहायची सोय आहे. त्याच्या पुढे जाऊ नका.

मारबर्ग हे जर्मन शहराचं नाव. १९६७ मध्ये युगांडाहून विमानाने पाठवलेल्या हिरव्या माकडांवर तिथल्या, फ्रँकफर्टच्या आणि बेलग्रेडच्या प्रयोगशाळांत काम करणारे आजारी पडले. ३१ जण बाधित, ७ मृत. कित्येक वर्षं माकडांना दोष दिला गेला, पण माकडं स्वतःच त्याने मरतात. जो प्राणी पटापट मरतो तो विषाणूचं घर नसतो. घर निघालं हीच वटवाघळं. पुढची गोष्ट जास्त शिकवणारी. जवळच्या किटाका खाणीत २००७ मध्ये कामगार बाधित झाले, म्हणून तिथली वटवाघळं मारून टाकली. काही वर्षांत नवी आली, आणि त्यांच्यात बाधितांचं प्रमाण आधीपेक्षा जास्त, १३ टक्क्यांवर. जुनी, प्रतिकार झालेली वटवाघळं गेली आणि त्यांच्या जागी तरुण आली. २०१२ मध्ये त्याच भागात पुन्हा साथ.

सातवा दिवस : इशाशा ते बुहोमा

इशाशाकडून बुहोमाला जाणारा रस्ता कोरड्या दिवसांत दोन-अडीच तासांचा, पावसात सांगता येत नाही. शेवटचे डोंगर वर चढत जातात आणि शेतं एकदम ब्विंडीच्या जंगलाला येऊन भिडतात. मध्ये कुंपण नाही. गोरिला बाहेर येतात, केळीचा गाभा आणि निलगिरीची साल खातात.

१९९६ मध्ये इथल्या गोरिलांच्या अंगावरचे केस गळायला लागले. खरूज. एक पिल्लू मेलं, बाकीचे आयव्हरमेक्टिनने बरे झाले. संशय गेला तो शेतातल्या बुजगावण्यांवर घातलेल्या जुन्या, न धुतलेल्या कपड्यांवर. खरूज विषाणू नव्हे, पण वाट तीच. त्यावेळच्या सरकारी पशुवैद्य ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका यांनी यावरून पुढे २००३ मध्ये माणसांचं आणि गोरिलांचं आरोग्य एकत्र पाहणारी संस्था काढली. गावचे स्वयंसेवक घरोघर फिरून तपासतात ते खोकला, संडास झाकलेला आहे का, पाण्याचा डबा आणि साबण आहे का. गोरिलाला औषध देण्यापेक्षा गावात साबण देणं स्वस्त पडतं. आमच्या मते या सबंध सहलीत पैसे खर्च करावेत अशी ही सर्वांत खरी जागा. बुहोमाच्या गावफेरीला दुपार ठेवा.

आठवा दिवस : ब्विंडी

सकाळी साडेसातला हात धुणं, कपाळाजवळ तापमापक, आणि बूट जंतुनाशकाच्या तबकात. बुटावरचा चिखल आधी ब्रशने घासून काढायचा. क्लोरिन चिखलातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतं आणि विषाणूपर्यंत पोचत नाही. तबकातलं द्रावण सकाळी नवं केलेलं असावं. कालचं असेल तर बूट बुडवणं हा नुसता विधी. परवाना ८०० डॉलरचा, गट आठ जणांचा, १५ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. हा वयाचा नियम का, ते किबालेत कळलंच आहे. सामान, काठ्या आणि खाणं पोर्टरजवळ मागे ठेवायचं. वाटेत शौचाला लागली तर रेंजरला सांगा. तो कोयत्याने ३० सेंटिमीटर खड्डा खणतो आणि वर माती ओढतो.

अंतर दहा मीटर. पूर्वी सात होतं, कोरोनानंतर वाढलं. कागदावर सोपं. याच जंगलात झालेल्या निरीक्षणात ९८ टक्क्यांहून जास्त भेटींत सात मीटरचा नियम मोडला गेला होता. इन्स्टाग्रामवरच्या गोरिला-सहलींच्या ८५८ फोटोंच्या दुसऱ्या एका अभ्यासात ८६ टक्के फोटोंत माणूस चार मीटरच्या आत होता. दर वेळी दोष माणसाचा नसतो. उतारावर झुडपं दाट असतात, मागे सरकायला जागा नसते आणि पिल्लू स्वतः चालत येतं. पिल्लू आलं तर मागे सरका, हात पुढे करू नका, शिंक आली तर मास्क न काढता तोंड फिरवून कोपरात शिंका. आणि ८०० डॉलर भरलेला माणूस सकाळी सर्दी लपवतो, ही नियमाची खरी फट आहे. गटात कोणी नाक ओढत असेल तर रेंजरला सांगायला लाजू नका.

शेजारच्या रवांडात २००९ मध्ये हिर्वा गटातल्या १२ पैकी ११ गोरिलांना खोकला झाला, एक मादी आणि एक पिल्लू मेलं. निघाला मेटान्यूमोव्हायरस, न्गोगोत पुढे आला तोच. २०१८ च्या मोजणीत ब्विंडीत आणि लगतच्या सारांब्वेत ४५९ डोंगरी गोरिला होते. जगातले सगळे मिळून १,०६३. सह्याद्रीतल्या एखाद्या मध्यम गावाएवढी ही संख्या.

गोरिला पुढे सरकले की मागे चघळून टाकलेले देठ पडलेले असतात. पशुवैद्य तेही उचलतात. लाळेत विषाणूचे अंश मिळतात आणि प्राण्याला कळतही नाही. लाळेतच सिमियन फोमी विषाणूही असतो. कॅमेरूनमध्ये गोरिलाने चावलेल्या शिकाऱ्यांत तो वर्षानुवर्षं टिकलेला सापडला. त्याने आजार झाल्याचं किंवा तो माणसाकडून माणसाकडे गेल्याचं दिसलेलं नाही. सगळ्या उड्यांतून साथ होत नाही. बहुतेक विषाणू एका माणसात येऊन थांबतात.

तरी एक नियम अपवाद न करता पाळायचा. वाटेत मेलेला कपी, माकड किंवा हरीण दिसलं तर जवळ जायचं नाही, माशाही अंगावर येऊ द्यायच्या नाहीत. लांबून फोटो आणि जागेची नोंद, मग रेंजरला सांगायचं. १९९६ मध्ये गॅबनच्या मायिबूत गावात जंगलात मेलेला चिंपांझी सापडला आणि लोकांनी खाल्ला. इबोलाने २१ जण गेले. १९९४ मध्ये ताईत मेलेल्या चिंपांझीचं विच्छेदन करताना एका संशोधिकेला इबोलाच्याच जातीचा नवा विषाणू लागला. ती वाचली. तेव्हापासून विच्छेदन करणारे पूर्ण पोशाखाशिवाय हात लावत नाहीत.

नववा दिवस : परत

बुहोमाहून एंटेबी म्हणजे नऊ-दहा तास, मध्ये म्बारारा. जंगलात घातलेले बूट लॉजवरच घासून, वाळवून पिशवीत बंद करा. पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवा, मुंबईत ते मागतील.

मग पुढच्या एकवीस दिवसांत कधीही ताप आला तर स्वतःहून क्रोसिन घेऊन बसू नका. डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘युगांडाहून आलोय, तारीख अमुक, जंगलात आणि गुहेजवळ गेलो होतो’ असं सांगा, आणि दवाखान्यात शिरण्याआधी फोनवर सांगा. एकवीस हा आकडा इबोला आणि मारबर्गच्या जास्तीत जास्त उबवणकाळाचा. ते निघण्याची शक्यता फार कमी. डॉक्टर आधी मलेरियाची तपासणी करतील आणि ते बरोबरच आहे, कारण या प्रवासातला ताप बहुधा त्याचाच असतो. युगांडातला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम या परजीवीचा. २०१० मध्ये हजारो कपींच्या विष्ठेतले डीएनए तपासून कळलं की हा परजीवी माणसात आला तो पश्चिमी गोरिलांकडून.